लग्नाची तारीख नंतर ठरवा, गोळीचं आधी

पत्र (थोडं आटोपशीर करून): ताई, माझी मुलगी २५ वर्षांची आहे. एम.कॉम. झालीय, पतसंस्थेत नोकरीला आहे. दहावीच्या वर्षी तिला पहिली फिट आली, तेव्हापासून व्हॅल्प्रोएट ५०० सकाळ-संध्याकाळ चालू आहे. मोठी फिट येऊन आता तीन वर्षं झाली. सकाळी सकाळी कधीतरी हात उडतो, चहा सांडतो, पण ते डॉक्टरांना कधी सांगितलं नाही, धांदरट आहे म्हणून आम्ही सोडून देतो. वजन खूप वाढलंय आणि पाळी दोन-दोन महिने येत नाही, त्याची ट्रीटमेंट दुसऱ्या लेडी डॉक्टरांकडे चालू आहे. आता चांगलं स्थळ आलंय, मुलगा पुण्यात आयटीत आहे, दिवाळीनंतर साखरपुडा करायचं चाललंय. आमचे डॉक्टर म्हणाले गोळ्या चालू ठेवा, बाकीचं लग्नानंतर बघू. माझी बहीण म्हणते या गोळीनं मूल अपंग होतं, इंग्लंडात बंदी आहे, आत्ताच बंद करा. मिस्टर म्हणतात मुलाकडच्यांना काही बोलायचं नाही, तीन वर्षांत काही झालं नाही मग कशाला उगाच. गोळ्या बंद करू का? त्यांना सांगायचं का? आणि पुढे मुलांनाही हे होईल का? — एक आई, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते आजच्या आज लागणार आहे. गोळी बंद करायची नाही. एक दिवसही नाही, बहिणीनं कितीही घाबरवलं तरी नाही. व्हॅल्प्रोएट एकदम तोडलं की तीन वर्षं गप्प बसलेली फिट उसळून येऊ शकते, कधी एकामागून एक येत राहतात आणि मध्ये शुद्धच येत नाही, मग रात्री-अपरात्री गाडी करून आयसीयू गाठायचं. आणि क्वचित असंही होतं की माणूस रात्री झोपतो, झोपेत फिट येते आणि सकाळी उठतच नाही. ऐकायला नको वाटतं, पण मोठ्या माणसांमध्ये एपिलेप्सी, म्हणजे हा फिटचा आजार, असणाऱ्या दर हजारात साधारण एकाचं वर्षाला असं होतं, आणि ज्यांच्या मोठ्या फिट्स आटोक्यात नाहीत त्यांना हा धोका सगळ्यात जास्त. तेव्हा डॉक्टरांची भेट होईपर्यंत आहे तीच गोळी, त्याच वेळेला, त्याच कंपनीची.

आता बहिणीचं. गंमत अशी आहे की ती चुकीचं सांगत नाहीये, फक्त अर्धंच सांगतेय.

गरोदरपणात फिटची औषधं घेणाऱ्या बायकांची 'युरॅप' नावाची एक मोठी नोंदणी आहे, चाळीसेक देशांतल्या बायका त्यात आहेत, भारतातल्यासुद्धा. २०१८ मध्ये त्यांनी ७,३५५ गरोदरपणांचा हिशोब मांडला. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आयांच्या शंभरातल्या दहा बाळांना जन्मतःच काहीतरी मोठं व्यंग होतं, म्हणजे पाठीच्या मणक्याचं, हृदयाचं, फाटलेल्या टाळूचं वगैरे. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटॅम या दोन औषधांवर हाच आकडा तीनच्या आत राहिला, आणि कुठलंही औषध न घेणाऱ्या आयांमध्येसुद्धा शंभरात दोन-तीन असतातच. व्हॅल्प्रोएटचं पुन्हा डोसवर आहे. दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर सहाच्या आसपास, तुमच्या मुलीसारखं १००० च्या गटात अकरा, आणि १४५० च्या वर गेलं की थेट पंचवीस, म्हणजे चारात एक.

आणि व्यंग दिसतं तरी, सोनोग्राफीत बऱ्याचदा कळतं. न दिसणारी गोष्ट जास्त वाईट आहे. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये मिळून एक अभ्यास झाला, पोटात असताना आईनं कुठलं औषध घेतलं ते बघून त्या मुलांना सहा वर्षांपर्यंत फॉलो केलं आणि मग त्यांचा आयक्यू काढला. व्हॅल्प्रोएटवाल्या मुलांचा सरासरी ९७ आला, लॅमोट्रिजिनवाल्यांचा १०८. हे २०१३ मध्ये छापून आलं. बोलायला उशीर, शाळेत मागे पडणं, ऑटिझम, या सगळ्या प्रकारच्या अडचणी धरल्या तर व्हॅल्प्रोएटवर शंभरातल्या तीस-चाळीस मुलांपर्यंत जातात. ही माहिती काही काल-परवाची नाही. तरीही आपल्याकडे पंधरा वर्षांच्या मुलीला ही गोळी सुरू होते आणि पंचविसाव्या वर्षापर्यंत रिपीट, रिपीट, रिपीट चालत राहतं, कारण फिट येत नाहीये ना मग कशाला हात लावा. ओपीडीत बाहेर सत्तर पेशंट बसलेले असतात, आई म्हणते सगळं ठीक आहे, डॉक्टर तीन महिन्यांचं लिहून देतात, आणि दहा वर्षांत एकदाही कोणी त्या मुलीला बसवून सांगत नाही की बाई, तुला पुढे मूल हवं असेल तर या गोळीचं आपल्याला काहीतरी करावं लागेल. मला याचा राग येतो, आणि तो माझ्या स्वतःच्या, डॉक्टरांच्या जमातीवरचा राग आहे.

इंग्लंडातली 'बंदी' म्हणजे काय ते पण सांगते. बंदी नाहीये. २०१८ पासून तिथे मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट द्यायचं तर गर्भनिरोधनाची पक्की सोय लागते आणि दरवर्षी धोका समजल्याच्या फॉर्मवर सही लागते, आणि जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालच्या कुणालाही, बाई असो की पुरुष, ते नव्याने सुरू करायचं असेल तर दोन स्पेशालिस्टनी वेगवेगळं बघून दुसरा इलाज नाही असं म्हणावं लागतं. (पुरुष का, तर बापाकडूनही थोडा धोका असावा असं एका स्कॅन्डिनेव्हियन अभ्यासात दिसलं, शंभरात तीनाचे पाच वगैरे. नंतर डेन्मार्कमधल्या दुसऱ्या अभ्यासात ते दिसलं नाही, त्यामुळे तो वाद अजून चालू आहे.) जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की मुलींना आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांना हे द्यायचं टाळा. आपल्या ओपीडीत असा सहीचा फॉर्म मी तरी पाहिलेला नाही.

आता तुमच्या डॉक्टरांचं "लग्नानंतर बघू". तेही अर्धं बरोबर आहे, गोळी चालू ठेवा हे बरोबरच. पण लग्नानंतर हे उशिराचं आहे आणि ते का ते नीट समजून घ्या. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीतून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. २८ दिवस म्हणजे कधी, तर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेत, अजून कोणी टेस्टसुद्धा केलेली नाही. आणि तुमच्या मुलीची पाळी तर दोन-दोन महिने येतच नाही, म्हणजे तिला चुकली हे कळणार कधी? मुलगी डॉक्टरकडे येईल दोन महिने उलटल्यावर, स्ट्रिपवर दोन रेघा घेऊन, आणि तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. लग्न झाल्यावर "अजून घाई नाही" म्हणणारी जोडपी सहा महिन्यांत पेढे घेऊन येतात हे तुम्हालाही माहितीय.

आणि ती पाळी! तुम्ही ते पत्रात असंच जाता जाता लिहिलंय, वजन आणि पाळी, दुसऱ्या डॉक्टर. ताई, व्हॅल्प्रोएटनं वजन वाढतं, केस गळतात, आणि तरुण मुलींमध्ये पाळी अनियमित होऊन पीसीओएससारखं (हार्मोन बिघडून होणारा अंडाशयाचा त्रास) चित्र तयार होऊ शकतं, विशेषतः विशीच्या आत सुरू केलेलं असेल तर. शंभर टक्के यामुळेच आहे असं मी इथून म्हणणार नाही, पीसीओएस तसंही आजकाल घरोघरी आहे. पण लेडी डॉक्टरांना फिटच्या गोळीचं माहीत आहे का? आणि मेंदूच्या डॉक्टरांना पाळीचं? मला नव्वद टक्के खात्री आहे की दोन्ही फायली दोन वेगळ्या पिशव्यांत आहेत. दोन्ही एका पिशवीत घाला. त्या पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या देत असतील तर तेही सांगणं गरजेचं आहे, कारण उद्या लॅमोट्रिजिन सुरू झालं तर इस्ट्रोजेनवाल्या हार्मोनच्या गोळीनं त्याची रक्तातली पातळी बरीच खाली येते आणि फिट येऊ शकते.

मग म्हणाल, एवढं आहे तर बदलून टाका ना पटकन. इथेच खरी अडचण आहे, आणि ती तुमच्या पत्रातल्या त्या सांडलेल्या चहात आहे.

सकाळी उठल्यावर हात झटका बसल्यासारखा उडणं, हातातला कंगवा-ब्रश-कप उडून पडणं, शुद्ध पूर्ण असणं, आणि हे सगळं बारा ते अठरा वयात सुरू होणं, झोप कमी झाली किंवा परीक्षेचं जागरण झालं की मोठी फिट येणं. हे असं वर्णन आलं की मेंदूचा कुठलाही डॉक्टर आधी एका आजाराचा विचार करतो, त्याला जेएमई म्हणतात, ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. मी मुलीला तपासलेलं नाही, ईईजी (मेंदूचा आलेख) पाहिलेला नाही, त्यामुळे हा अंदाजच आहे. पण असेल तर ती धांदरट नाहीये हो, त्या छोट्या छोट्या फिट्सच आहेत, आणि मग "तीन वर्षं फिट नाही" हेही खरं नाही. मोठी आली नाही, एवढंच.

आणि या प्रकारच्या एपिलेप्सीत व्हॅल्प्रोएट सगळ्यात भारी औषध आहे. हाच तर पेच आहे. २०२१ मध्ये इंग्लंडातला सॅनॅड-टू नावाचा अभ्यास आला, त्यात या जातीच्या एपिलेप्सीत व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटॅम समोरासमोर ठेवून बघितलं आणि व्हॅल्प्रोएट सरस ठरलं. म्हणजे आईसाठी जे सगळ्यात चांगलं तेच बाळासाठी सगळ्यात वाईट, आणि आम्हा डॉक्टरांना दोन्हींच्या मध्ये उभं राहायचंय. शिवाय फिटची काही नेहमीची औषधं, कार्बामाझेपिन, फेनिटोइन वगैरे, ही जेएमईत उलटी पडतात, झटके वाढवतात. म्हणून मेडिकलवाल्यानं किंवा ओळखीच्या कंपाउंडरनं "ही दुसरी घ्या, ही सेफ आहे" म्हणून गोळी बदलून देण्याची ही जागा नाही. आता त्या झटक्यांचं कोणीच सांगितलं नाही म्हटल्यावर डॉक्टर तरी कसा ओळखणार? मुलीला सांगा, सकाळी हात उडायला लागला की धाकट्या भावंडाला किंवा तुम्हाला मोबाइलवर व्हिडिओ काढू दे, अर्ध्या मिनिटाचा असला तरी चालेल. तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा तो व्हिडिओ जास्त कामाचा.

पर्याय काय आहेत ते ढोबळ सांगते, ठरवायचं समोरच्या डॉक्टरांनी. लेव्हेटिरासिटॅम या झटक्यांवर बऱ्यापैकी चालतं आणि गरोदरपणातला त्याचा रेकॉर्ड चांगला आहे, अमेरिकेतल्या मोनीड अभ्यासात लेव्हेटिरासिटॅम आणि लॅमोट्रिजिन या दोन औषधांवरच्या आयांची मुलं तीन वर्षांची होईपर्यंत इतर मुलांच्या बरोबरीने होती. त्याचा त्रास म्हणजे चिडचिड. काहींना काही होत नाही, काहींना इतका राग येतो की घरात भांडी आपटली जातात, आणि नव्या सासरी नवी सून अशी वागली तर दोष औषधाला कोणी देणार नाही, मुलीला देतील, म्हणून हे लग्नाआधी आपल्या घरातच कळलेलं बरं. लॅमोट्रिजिन मनाला शांत असतं, पण ते फार हळूहळू वाढवावं लागतं, त्यातही व्हॅल्प्रोएट चालू असताना तर अजून हळू, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकते, आणि जेएमईत कधी कधी ते झटके वाढवतं. टोपिरामेट नावाचं एक आहे, वजन कमी करतं म्हणून मुलींना आवडतं, पण २०२२ मध्ये नॉर्डिक देशांतल्या मोठ्या नोंदींवरून कळलं की तेही बाळाच्या मेंदूला चांगलं नाही, तेव्हा त्या वाटेला नको. आणि काही जणी अशा असतात की काहीही केलं तरी व्हॅल्प्रोएटशिवाय फिट थांबतच नाही. मग कमीत कमी डोसवर, सगळं माहीत असताना, डोळे उघडे ठेवून पुढे जायचं. तोही रस्ता आहे, पण तो शेवटचा आणि तिनं स्वतः निवडलेला असायला हवा.

बदलायचं म्हणजे आधी नवीन औषध सुरू करून पुऱ्या डोसला न्यायचं, मग जुनं थोडं थोडं उतरवायचं, याला काही आठवडे नाही तर काही महिने जातात, आणि मग नव्या औषधावर ती खरंच ठीक राहतेय का हे बघायला पुन्हा काही महिने. या काळात फिट येण्याची शक्यता असते हे मी लपवणार नाही. स्कूटी बंद (तशीही आपल्याकडे लायसन्सच्या फॉर्मवर फिटचा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर सगळेच "नाही" लिहितात, तो वेगळा विषय), विहिरीत-नदीत पोहणं बंद, बाथरूमची कडी आतून लावायची नाही, गच्चीच्या कठड्यावर बसायचं नाही. आता सांगा, हे सगळं दिवाळीनंतर साखरपुडा आणि लगेच वैशाखात लग्न यात बसतं का? म्हणून म्हणते, तारीख नंतर. आधी अपॉइंटमेंट घ्या. मिरज-कोल्हापूर-पुणे कुठेही चालेल, पण न्यूरॉलॉजिस्ट हवा, आणि फोनवर नंबर लावतानाच सांगा की मुलीच्या लग्नाआधी व्हॅल्प्रोएटबद्दल बोलायचंय, म्हणजे तेवढा वेळ मिळतो.

आता एक जरा टोचेल असं बोलते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात डॉक्टर काय म्हणाले ते आहे, बहीण काय म्हणते ते आहे, मिस्टर काय म्हणतात ते आहे. मुलगी काय म्हणते ते कुठेच नाही. २५ वर्षांची, कमावती मुलगी! ओपीडीत हे रोज होतं. मी मुलीला विचारते झोप कशी लागते, आई सांगते नऊला झोपते. मी विचारते पाळी नियमित आहे का, आई सांगते हो हो. मुलगी ओढणीच्या टोकाला पीळ घालत बसलेली. मग काहीतरी निमित्त काढून आईला बाहेर केसपेपर आणायला पाठवायचं, दार लागलं की मुलगी एका दमात विचारते, मॅडम मला मूल होईल ना, आणि झोप मी दोन वाजता झोपते, मोबाइल असतो. तेव्हा या वेळी डॉक्टरांकडे गेलात की दहा मिनिटं तिला एकटीला आत राहू द्या. मूल हवं का, कधी हवं, फिटची रिस्क घेऊन औषध बदलायचं का, हे शेवटी तिच्या अंगावरचं आहे.

मुलाकडच्यांना सांगायचं का? हो. माझं मत पक्कं आहे. सरळ व्यवहाराचं बघा, ती रोज दोन वेळा गोळी घेणार, पुण्याच्या वन बीएचकेत ती किती दिवस लपवणार? डब्यात लपवलेली गोळी चुकते, चुकली की फिट येते, आणि पहिली फिट सासरी आली की नवऱ्याला काय करायचं ते माहीत नसतं, कोणीतरी चप्पल हुंगवतं, कोणीतरी दातात चमचा घालतं. मी असे तुटलेले दात पाहिलेत.

कायद्याचं म्हणाल तर फिट येते म्हणून लग्न रद्द करण्याची सोय हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच काढून टाकलीय, आणि आपल्या मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानंही काही वर्षांपूर्वी स्पष्ट सांगितलंय की एपिलेप्सी हा असाध्य आजार नाही की मानसिक विकार नाही, त्यावर घटस्फोट मागता येत नाही. पण लपवून लग्न केलं की समोरच्याला "आम्हाला फसवलं" म्हणत कोर्टात जायला जागा मिळते, ती कशाला द्यायची. मिस्टरांना ही बाजू सांगा, वडीलमंडळींना कायदा पटकन कळतो.

कसं सांगायचं, तर बैठकीत पोह्यांच्या डिशा हातात असताना मामानं मामाला सांगायचं नाही. मुलगा-मुलगी बाहेर एकदोनदा भेटले, जमतंय असं वाटलं की साखरपुड्याआधी मुलीनंच मुलाला सांगायचं. साधं. "मला एपिलेप्सी आहे, दहावीपासून गोळी चालू आहे, मोठी फिट येऊन तीन वर्षं झाली, मूल होऊ शकतं पण त्याआधी औषध बदलायचं आहे, त्यासाठी काही महिने थांबावं लागेल, तुला डॉक्टरांशी बोलायचं असेल तर ये माझ्याबरोबर." बस. माझ्याकडे असे होणारे नवरे येतात, वही घेऊन येतात एकेक, छान प्रश्न विचारतात. काही जण ऐकून नंतर फोन उचलत नाहीत, तसंही होतं, आणि दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं. पण गेलं तर साखरपुड्याच्या आधी गेलं. पुण्यात यशोदा वाकणकर यांची संवेदना फाउंडेशन ही संस्था एपिलेप्सी असणाऱ्यांसाठी काम करते, त्यांचा सपोर्ट ग्रुप आहे आणि लग्न जमवण्यातही त्या मदत करतात, तिथे मुलीनं एकदा जाऊन यावं, स्थळ असो नसो. आपल्यासारख्या दहा जणी एका खोलीत बघितल्या की निम्मं ओझं उतरतं.

मुलांना होईल का, हा तुमचा तिसरा प्रश्न. आईला अशी एपिलेप्सी असेल तर मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलांना होत नाही. यावरून मूल होऊ देऊ नका असं कोणी सांगत असेल तर त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

लग्न ठरलंच तर एक गोष्ट मात्र मी तुमच्या हातात देते, आई म्हणून तुम्हीच करू शकाल अशी. झोप. जेएमई असेल तर जागरणासारखा शत्रू नाही. आपल्याकडे लग्नाच्या आठवड्यात मुलगी झोपते कुठे? मेंदी रात्री एकपर्यंत, हळदीला डीजे, पहाटे चारला पार्लरवाली, लग्न, वरात, मग सासरी जागरण-गोंधळ रात्रभर, आणि त्या सगळ्यात गोळीचा डबा माहेरच्या बॅगेत राहिलेला. फिट याच आठवड्यात येते, आणि येते ती सगळ्या पाहुण्यांसमोर. गोंधळ संध्याकाळी लवकर सुरू करून दहाला आटपता येतो, गोंधळी लोक ऐकतात, आधी सांगावं लागतं. गोळ्या नवऱ्याच्या खिशातपण एक पट्टी. आणि हरतालिकेचा निर्जळी उपवास असो की काही असो, गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच, हे सासूबाईंच्या कानावर आधीच घालून ठेवा.

फिट आली तर काय करायचं ते सासरच्यांना पाच मिनिटांत शिकवता येतं. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, तोंडात काहीही घालायचं नाही, कांदा-चप्पल काही नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे असतो, डॉक्टरांकडून लिहून घ्या, कसा मारायचा ते विचारून ठेवा आणि तो घरात ठेवा, आणि गाडी काढा.

मूल हवं असं ठरलं की त्याच्या निदान दोन-तीन महिने आधीपासून फॉलिक ॲसिड. डोसबद्दल सध्या डॉक्टरांमध्येच एकमत नाहीये, आपल्याकडे सर्रास ५ मिलिग्रॅमची गोळी देतात, अमेरिकेच्या २०२४ च्या गाइडलाइननं निदान ०.४ मिलिग्रॅम तरी घ्याच असं म्हटलंय, आणि खूप मोठ्या डोसबद्दल नॉर्डिक अभ्यासात एक शंका निघालीय जिचा निकाल अजून लागायचा आहे. त्यामुळे किती ते तुमच्या डॉक्टरांवर सोडा, पण अजिबात नाही असं होऊ देऊ नका. केरळात त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा इन्स्टिट्यूटनं १९९८ पासून एपिलेप्सी असणाऱ्या गरोदर बायकांची नोंदणी ठेवलीय, आपल्याच देशातल्या बायका, आपल्यासारखीच घरं. त्यातून एक फार कामाची गोष्ट कळली, गर्भ राहण्याआधीच्या महिन्यात जिला फिट नव्हती तिला पुढच्या नऊ महिन्यांतही फिट येण्याची शक्यता बरीच कमी होती. म्हणून आधी नव्या औषधावर स्थिर होणं एवढं महत्त्वाचं. गरोदरपणात लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटॅम दोन्हींची रक्तातली पातळी खाली जाते, डोस वाढवावा लागू शकतो, त्याला घाबरायचं नाही. एपिलेप्सी आहे म्हणून सिझेरियनच, असं काही नसतं. अंगावरचं दूध पाजायचं, बिनधास्त. फक्त रात्रीची एखादी पाजणी वाटीचमच्यानं तुम्ही किंवा नवऱ्यानं करायची, म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल, आणि बाळाला अंघोळ एकटीनं घालायची नाही.

जाताना बरोबर काय न्यायचं, तर दहावीपासूनचे सगळे ईईजी आणि एमआरआय, नुसते रिपोर्ट नाही, ईईजीचे कागद पण. लेडी डॉक्टरांची फाइल. मोबाइलमधला तो व्हिडिओ. आणि मुलगी, जी स्वतः बोलेल. हे उत्तर तिला वाचायला द्या, काही विचारायचं असेल तर पुढचं पत्र तिच्याकडून येऊ दे.